नरूभाऊंचे ऊन

नरूभाऊ राऊत यांच्या घरी सरळ वाटेने जाता येत नसे. नंदाखाल गावातल्या त्यांच्या वाडीचे फाटक उघडले की ओटा समोर वीस पावलांवर दिसे, ओट्यावर बसलेले नरूभाऊही दिसत. पण पाहुण्याने पहिले पाऊल टाकताच ते हात वर करीत आणि तोच हात विहिरीकडे वळवीत. याचा अर्थ, विहिरीला वळसा घालून, नारळीच्या आळ्यांमधून, घराच्या मागच्या अंगाने यायचे. पोस्टमन असाच येई, विजेचे मीटर वाचणारा असाच येई, आणि त्यांचे व्याही पहिल्यांदा घर पाहायला आले तेव्हा तेही विहिरीजवळच्या चिखलात नवे बूट बरबटवीत असेच आले होते. कारण फाटक ते ओटा या वाटेला लागून बांबूचा मांडव होता, मांडवावर सोललेली राजेळी केळी वाळत असत, आणि थंडीत त्या वाटेने चालणाऱ्या माणसाची सावली नेमकी केळ्यांवर पडत असे.

“माणूस खुशाल येऊ दे, पण सावली बाहेर ठेवून येऊ दे,” असे ते म्हणत.

आता नरूभाऊ नाहीत. सावली बाहेर ठेवून जाणे मला मात्र शेवटपर्यंत जमले नाही, आणि हे लिहिण्याचे कारण तेच आहे.

सुकेळी करणारी घरे आमच्या भागात आता हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच उरली आहेत. राजेळी केळ पूर्ण पिकू द्यायचे, साल काढायची, मांडवावर एकाला एक न टेकेल असे मांडायचे, रोज उलटायचे, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायचे आणि सकाळी पुन्हा मांडायचे. आठवडाभराच्या सलग उन्हाने ते आक्रसते, मधासारख्या रंगाचे होते. मग केळीच्याच वाळल्या पानात त्याची जुडी बांधायची. यात साखर नाही, मीठ नाही, यंत्र नाही. आहे ते फक्त ऊन. ते मध्येच तुटले तर केळे आंबते, आणि आंबलेल्या केळ्याला नरूभाऊ ‘नासले’ म्हणत नसत, ‘रुसले’ म्हणत. प्रत्येक केळे ते अंगठ्याने दाबून पाहत आणि दाबताना डोळे मिटून घेत. हंगामाची पहिली जुडी नाताळच्या दिवशी शेजारच्या फिलूबायकडे जाई, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. फिलूबायकडून त्याच ताटात घरचा केक येई. त्यामुळे मांडवाचे सगळे गणित नाताळापासून उलटे मोजलेले असे.

घरात ते आपली वाडवळी बोली बोलत. माझ्याशी मात्र शुद्ध, सावकाश मराठी, पाहुण्यासाठी कपाटात ठेवलेली कपबशी काढावी तशी. मला ते ‘साहेब’ म्हणत. मी साहेब नव्हतो. एका सरकारी कचेरीत इतरांच्या सहीसाठी पत्रांचे मसुदे तयार करणे एवढेच माझे काम. पण नंदाखालला लागून असलेल्या बोळिंजच्या ज्या सोळा मजली इमारतीत मी फ्लॅट घेतला, तिच्या सोसायटीचा मी सचिव होतो. आणि त्या इमारतीचा नरूभाऊंशी जो संबंध होता, त्यात कोणीतरी साहेब असणे भाग होते.

आमची इमारत त्यांच्या वाडीच्या दक्षिणेला आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, हे मी शाळेत शिकलो होतो. शिकलेली गोष्ट कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडते, हे शिकवलेले नव्हते. इमारत चौथ्या मजल्यापर्यंत आली तेव्हाच नरूभाऊंनी एक बांबू उभा रोवला, त्याची सावली मोजली आणि सोळा मजले झाल्यावर डिसेंबरात कोणत्या वेळी सावली कुठवर येईल त्या जागी जमिनीत खुंट्या ठोकल्या. मग ते बिल्डरच्या माणसांना वाडीत घेऊन आले. त्यांनी खुंट्या पाहिल्या, शहाळी प्यायली आणि आजोबांचे कौतुक केले. दोन वर्षांनी सावली खुंट्यांवर आली. एक खुंटी वीतभर चुकली होती. नरूभाऊंना त्याची रुखरुख लागली. नंतर कळले की वर पाण्याची टाकी जादा बांधली होती. “माझं चुकलं नव्हतं,” हे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले.

पुढे प्रत्येक खुंटीची त्यांना ओळख झाली. अमुक वेळी सावलीची कड कुठे असते आणि ती कोणाच्या गॅलरीची असते, हे ते सांगू शकत. मी पहिल्यांदा सुकेळी घ्यायला गेलो तेव्हा कितव्या मजल्यावर राहतो, कोणत्या बाजूला, एवढेच त्यांनी विचारले आणि एक खुंटी दाखवली.

“ही तुमची. पावणेअकराला येता तुम्ही. परवा तुमच्याकडची गोधडी माझ्या केळ्यांवर वाळत होती.”

मी दिलगिरी व्यक्त केली. मी फार चटकन आणि फार चांगली दिलगिरी व्यक्त करतो. माझ्या स्वभावातला हा दोष ओळखायला मला पन्नाशी ओलांडावी लागली: माझी दिलगिरी इतकी नीटस असते की ती व्यक्त केल्यावर काही करायचे उरले आहे असे मलाच वाटत नाही.

नरूभाऊंनी तक्रार केली नाही. त्यांनी एका मांडवाचे तीन छोटे मांडव केले आणि उन्हाच्या मागून केळी फिरवायला सुरुवात केली. सकाळी फाटकाजवळ, दुपारी गोठ्याच्या कोपऱ्यात, तिसऱ्या प्रहरी पुन्हा ओट्यापाशी. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस सुपे उचलून दिवसातून तीनदा वाडीला फेरी घाली. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओट्यावरून म्हणत, “सूर्य जागेवर आहे आणि हेच फिरतायत.” मुलगा एव्हरशाईन सिटीत सातव्या मजल्यावर राहत होता, तो दर रविवारी येऊन हे सोडून द्या म्हणून सांगे आणि जाताना दोन जुड्या घेऊन जाई.

अशा दोन-तीन थंड्या गेल्यावर एका दसऱ्यानंतर नरूभाऊ स्वतः माझ्याकडे आले. इस्त्रीचा सदरा घातला होता. आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असते. थंडीचे तीन महिने तिथल्या एका कोपऱ्यात मांडव घालू द्याल का, एवढे त्यांचे विचारणे होते. गुडघे आता तीन फेऱ्या घालू देत नाहीत, आणि या वर्षी मांडव नीट लागला नाही तर पुढच्या वर्षी तो लागणार नाही, हेही त्यांनी सांगितले, पण असे की जणू हवामानाचा अंदाज सांगत आहेत. “ऊन तुमच्याकडेच आलंय, साहेब. आम्ही त्याच्या मागून आलो,” ते म्हणाले. मी म्हणालो, “होईल. मी बघतो.” मी ते मनापासून म्हणालो होतो, हे नमूद करतो, त्याने फरक काहीच पडत नाही.

समितीच्या सभेत विषय सातवा होता. माश्या येतील, मुंग्या येतील, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धोका पोचेल, बाहेरचा माणूस लिफ्ट वापरेल, उद्या कोणी पापड घालील. अध्यक्ष खानविलकर मूळचे कोकणातले, दिलदार गृहस्थ. आंबोशी आणि कोकम उन्हात कशी घालतात हे त्यांनी दहा मिनिटे गहिवरून सांगितले आणि मग ‘नियम म्हणजे नियम’ म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटते, ते माझ्या एका वाक्याची वाट पाहत होते. मी इतिवृत्ताच्या वहीत मान घालून ‘सविस्तर चर्चा झाली’ असे लिहीत होतो.

नकाराचे पत्र मीच लिहिले. ते उत्तम झाले. ‘आपल्या विनंतीचा समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला, तथापि’ अशी सुरुवात होती, आणि ‘तथापि’नंतर आलेली पाच कारणे इतकी सौम्य होती की नकार कुठून सुरू होतो ते वाचणाऱ्याला शोधावे लागावे. पत्र मी वॉचमनच्या हाती पाठवले. चार दिवसांनी रस्त्यात गाठ पडली तेव्हा त्यांनी मला वाडीत नेले, खिशातून पत्र काढले आणि म्हणाले, “चष्मा कुठे राहिला कोण जाणे. तुम्हीच वाचून दाखवा.”

मी माझ्याच इमारतीच्या सावलीत उभा राहून माझेच पत्र त्यांना वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते, केळे दाबून पाहताना मिटत तसे.

“छान लिहिलंय,” ते म्हणाले. “कोणी लिहिलं?”

“समितीने,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि सूप उचलले.

याच वर्षी नाताळच्या सुमारास सूर्याच्या अगदी जवळून एक यान जाणार असल्याची बातमी आली. माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू सूर्याच्या इतक्या जवळ पूर्वी गेली नव्हती. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर या घटनेचे जे पडसाद उमटले, ते मी अभ्यासू वृत्तीने वाचत होतो. एकसष्ट लाख किलोमीटरला ‘जवळ’ म्हणायचे का, असा पहिला प्रश्न आला. त्यावर जागांची दलाली करणाऱ्या एका सभासदाने लिहिले, आमच्या जाहिरातीतल्या ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ इतके ते जवळ आहे. चौथ्या मजल्यावरील एका आजींना देवाच्या इतक्या जवळ यंत्राने, तेही आंघोळ न करता, जावे हे रुचले नाही. कोणी हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते असे सांगितले. कोणी मकर राशीला त्रास होईल का म्हणून विचारले. सूर्यनमस्कार मंडळाने यानाच्या सन्मानार्थ एकशे आठ नमस्कारांचा संकल्प सोडला आणि तो थंडीमुळे बंदिस्त सभागृहात पार पाडला. नंदाखालच्या तरुण मंडळींनी नाताळच्या येशूजन्माच्या देखाव्यात गोठ्यावर ताऱ्याच्या जागी चंदेरी कागदाचे यान टांगले. तीन राजांना रस्ता कोण दाखवणार, असे जाणत्यांनी विचारल्यावर यान खाली आले आणि गाढवाशेजारी ठेवले गेले.

आमच्या समितीने ‘सूर्यभेट’ नावाचा कार्यक्रम ठरवला. नाताळच्या सुट्टीच्या सकाळी दहा वाजता, गच्चीवर. दोनशे खुर्च्या, व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, मागाहून पावभाजी. वॉटरप्रूफिंगचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. मात्र गच्चीवर ऊन फार असते हे लक्षात आल्यामुळे वर कापडी मंडप घालण्याचे ठरले. शेवटी खानविलकरांना कल्पना सुचली, की सूर्याशी संबंधित अशा एखाद्या स्थानिक व्यक्तीचा सत्कार करावा. नाव त्यांनीच सुचवले. निमंत्रण द्यायला मला पाठवले, कारण माझे त्यांच्याशी चांगले संबंध होते.

मी विहिरीला वळसा घालून गेलो. नरूभाऊंनी यानाबद्दल सगळे नीट विचारून घेतले. किती दिवस वाटेत होते, कोणत्या बाजूने जाते, मध्येच उलटते का? उलटत नाही, म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. एकच बाजू सूर्याकडे धरली तर ती करपणार. मग मी ढालीचे सांगितले: यानाच्या पुढे जाड ढाल आहे, ती सदैव सूर्याकडे असते आणि सगळी यंत्रे तिच्या आडोशाला राहतात, आणि या दिवसांत ते पृथ्वीशी बोलूही शकत नाही, वाचले की नाही ते दोन-तीन दिवसांनी कळेल. “तोवर ते एकटंच,” नरूभाऊ म्हणाले. सत्काराला येतो म्हणाले. मांडवावर त्या दिवशी निम्मीच सुपे भरलेली होती. मी कारण विचारले नाही.

ते आले, तोच इस्त्रीचा सदरा घालून, लिफ्टने. गच्चीवर पाऊल ठेवताच त्यांनी आधी वर पाहिले, मग वाकून तळवा फरशीवर टेकला, जरा वेळ तसाच ठेवला. “इथे पाच दिवसांत झाली असती,” ते स्वतःशी बोलावे तसे बोलले. मग मंडपाखाली आपल्यासाठी मांडलेली खुर्ची त्यांनी उचलली, कडेच्या उन्हात नेली आणि तिथे एकटेच बसले. स्वयंसेवकांनी दोनदा त्यांना सावलीत आणण्याचा प्रयत्न केला. प्रमुख पाहुण्यांनी यानाच्या यशाबद्दल मानवजातीचे अभिनंदन केले. ते यान त्या क्षणी शाबूत आहे की नाही, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. तरी टाळ्या मीही वाजवल्या. नरूभाऊंना शाल आणि नारळ दिला. नारळ त्यांच्याच वाडीतला होता. आमचा वॉचमन आदल्या दिवशी तिथूनच घेऊन आला होता. मग दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला.

“मला यानातलं कळत नाही,” ध्वनिक्षेपकापासून हातभर दूर उभे राहून ते म्हणाले. “साहेबांनी सांगितलं, त्याच्यापुढे ढाल आहे आणि ते तिच्या सावलीत बसून सूर्याकडे गेलंय. सावली बोटभर सरकली तर जळून जाईल. म्हणजे तिथे सावलीला मोल आहे. आम्हाला इथे ती फुकट मिळते, सोळा मजल्यांची. त्यांना कमी पडली तर कळवा.”

सगळे मनमोकळे हसले. खानविलकर माझ्या कानाशी म्हणाले, म्हातारा भलताच विनोदी आहे हो. मी हसलो नाही, पण तो माझा सद्गुण नव्हे. मी ‘तथापि’पुढची पाच कारणे आठवत होतो, आणि त्या गच्चीवर, दोनशे खुर्च्यांच्या खाली, मला त्यांतले एकही सापडत नव्हते.

त्या नाताळला फिलूबायकडे जुडी गेली नाही. हे मला काकींकडून कळले. केळी रुसली होती. नरूभाऊ रिकामे ताट घेऊन स्वतः गेले आणि या वर्षी जमले नाही असे सांगून आले; फिलूबायने त्याच ताटात केक घालून दिला, तो त्यांनी दोन दिवस कापू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीला निघालो असताना नरूभाऊ आमच्या फाटकाशी उभे होते. एव्हाना व्हॉट्सॲप गट एकतीस डिसेंबरच्या जेवणाकडे वळला होता. यानाची आठवण कोणाला राहिलेली नव्हती.

“आलं का त्याचं काही?” त्यांनी विचारले.

ती बातमी मी सकाळीच वाचली होती. संकेत आला होता. फार काही नाही, मी ठीक आहे एवढाच.

“तेवढं पुरे,” ते म्हणाले. “मागचं माणूस वाट बघत असतं. काय ते त्याला आपल्या तोंडाने कळवावं.”

ते माझ्याकडे पाहत नव्हते. मी घड्याळ पाहिले आणि निघालो.

पुढच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. घरी तीनदा म्हणून पाहिलेले एकच वाक्य मी बोललो: गच्चीचा कोपरा थंडीत नरूभाऊंना द्यावा. माश्यांबद्दल, मुंग्यांबद्दल उत्तरे तयार होती. ती लागली नाहीत. खानविलकर म्हणाले, अहो, मग गेल्या वर्षी का नाही बोललात? कोणी विरोध केला नाही. दोन मिनिटांत ठराव मंजूर झाला. मला त्या दोन मिनिटांइतकी कठोर शिक्षा आयुष्यात दुसरी झालेली नाही.

परवानगीचे पत्र घेऊन मी स्वतः गेलो. दसरा नुकताच झाला होता, हवेत गारवा यायला लागला होता. फाटक उघडले आणि सवयीने विहिरीकडे वळलो. नरूभाऊ ओट्यासमोर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हात वर केला, पण तो विहिरीकडे वळला नाही.

“सरळ या, साहेब. आता तुमची सावली पडली तरी चालते.”

तेव्हा मी पाहिले. मांडव नव्हता. त्याचे बांबू पडवळाच्या वेलाला दिले होते. गुडघ्यांनी भाद्रपदातच नकार कळवला, असे त्यांनी सांगितले, आणि राजेळीचे घड या वर्षी बागेतच विकून टाकले. मी पत्र पुढे केले. या वेळी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, वाचले, आणि घडी घातली.

“यात ‘तथापि’ नाही,” ते म्हणाले. “पहिल्यापेक्षा हे चांगलं लिहिलंत.”

मला काही बोलायचे होते. मसुदा तयार नव्हता. काकींनी केळीच्या पानातली एक जुडी आणून हातात ठेवली, त्यांच्या शेवटच्या मांडवावरची, नाताळनंतर कशीबशी जमलेली, बोटभर लांबीची तीन सुकेळी. पैसे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

निघताना लक्षात आले, अंगणातल्या सगळ्या खुंट्या उपटलेल्या होत्या. एकच शिल्लक होती. माझी. मी तिच्याकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले. घड्याळ म्हणून बरी आहे, ते म्हणाले, सूर्य कलेल तशी सरकवतो, पावणेअकराचा चहा तिच्यावर होतो.

सरळ वाट मोकळी असूनही मी विहिरीला वळसा घालूनच फाटकाशी आलो आणि मागे वळून पाहिले. आमच्या इमारतीची सावली अंगणात शिरत होती. माझ्या गॅलरीची कड खुंटीला टेकली. नरूभाऊ उठले, त्यांनी वर पाहिले नाही, खुर्ची उचलली, दोन पावले पलीकडे उन्हात ठेवली आणि पुन्हा बसले.